ब्राउझरमधील आगंतुक जाहिराती : ओळख, निर्मूलन आणि प्रतिबंध

सकाळी अकराच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दाखल्यांसाठी माणसे येऊन बसलेली असतात. कोणाला मुलाच्या जन्माचा दाखला हवा असतो, कोणाला नमुना आठचा उतारा. संगणक परिचालक संगणक सुरू करून ब्राउझर उघडतो आणि नेहमीच्या पृष्ठाऐवजी कोणते तरी अनोळखी शोधपृष्ठ पडद्यावर येते. शासकीय संकेतस्थळाचे नाव लिहावे, तर चौथ्या-पाचव्या टिचकीनंतर ते उघडते. दरम्यान औषधांच्या, कर्जाच्या, पत्त्यांच्या खेळांच्या जाहिराती एकामागून एक समोर येतात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून 'आपल्या संगणकात पाच व्हायरस आढळले आहेत' असा इशारा सारखा डोके वर काढतो. अर्धा तास झटापट केल्यावर 'आज नेट नीट चालत नाही, उद्या या' असे सांगितले जाते. ज्याने त्या दिवसाची मजुरी बुडवून कार्यालय गाठलेले असते, तो माणूस निमूटपणे परत जातो.

अशा वेळी दोष बहुधा दूरसंचाराच्या तारेवर ढकलला जातो. प्रत्यक्षात तार ठीक असते. बिघाड असतो तो ब्राउझरमध्ये शिरलेल्या एका आगंतुक आज्ञावलीचा. या प्रकारच्या आज्ञावलीस 'अॅडवेअर' असे म्हणतात. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेच्या शाळा, तहसील कार्यालये व सेवा केंद्रे येथील दैनंदिन कामकाज आता मोठ्या प्रमाणावर ब्राउझरच्या माध्यमातूनच चालते. म्हणून या उपद्रवाचे स्वरूप, त्याच्या शिरकावाचे मार्ग आणि त्याचा बंदोबस्त यांची माहिती केवळ तंत्रज्ञांनाच नव्हे, तर संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला असणे आवश्यक झाले आहे.

अॅडवेअर म्हणजे काय ?

संकेतस्थळांवर जाहिराती असतात यात वावगे काहीच नाही. वृत्तपत्रांप्रमाणेच अनेक संकेतस्थळे जाहिरातींच्या उत्पन्नावर चालतात. तथापि, वृत्तपत्रातील जाहिरात वृत्तपत्र छापते. वाटेत कोणी तरी अंक उघडून त्यात स्वतःची पत्रके घुसडत नाही. अॅडवेअर नेमके हेच करते. संगणकधारकाच्या उघड व जाणत्या संमतीवाचून ते संगणकात ठाण मांडते आणि तो जे पृष्ठ पाहत असेल त्यावर आपल्या जाहिराती डकविते, त्याचा शोध दुसरीकडे वळविते किंवा नव्या खिडक्या उघडते.

यामागील प्रेरणा सरळसरळ आर्थिक आहे. एखाद्या जाहिरातीवर पडलेल्या प्रत्येक टिचकीमागे, अथवा एखादी आज्ञावली नव्या संगणकावर बसविल्यामागे, जाहिरातदाराकडून मध्यस्थाला ठराविक रक्कम मिळते. एका संगणकामागे ही रक्कम क्षुल्लक असते. परंतु लाखो संगणकांवर ताबा मिळाला की तिचा मोठा व्यवसाय होतो. म्हणूनच अॅडवेअर संगणक बंद पाडीत नाही. संगणक चालू राहण्यातच त्याचा लाभ असतो आणि यामुळेच त्याकडे महिनोन् महिने दुर्लक्ष होते.

ओळखण्याच्या खुणा

काही खुणा अशा आहेत की त्या दिसताच संशय घ्यावा. ब्राउझरचे आरंभीचे पृष्ठ किंवा शोधयंत्र कोणी न बदलता बदललेले असते आणि पूर्ववत केले तरी संगणक पुन्हा सुरू करताच ते परत येते. जेथे पूर्वी जाहिराती नव्हत्या, विशेषतः शासकीय संकेतस्थळांच्या पृष्ठांवर, तेथे जाहिराती दिसू लागतात. साध्या मजकुरातील शब्द आपोआप अधोरेखित होऊन दुव्यासारखे दिसतात. पत्त्याच्या पट्टीलगत अनोळखी चिन्ह किंवा जादा पट्टी दिसते. एका दुव्यावर टिचकी मारली असता दोन-तीन भलत्याच पृष्ठांचा फेरा होतो. संगणकही मंदावतो.

ब्राउझर बंद असतानाही पडद्याच्या कोपऱ्यात जाहिराती येत असतील, तर त्याचे कारण पुष्कळदा निराळे असते. एखाद्या संकेतस्थळाने 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे सांगून सूचना पाठविण्याची परवानगी उपटलेली असते. अशा वेळी संगणकात कोणतीही घातक आज्ञावली नसते. दिलेली परवानगी काढून घेतली की उपद्रव थांबतो. रोग आणि रोगाचा भास यांतील हा फरक प्रथम ध्यानात घेतल्यास पुष्कळ व्यर्थ खटपट वाचते.

शिरकावाचे मार्ग

अॅडवेअर सहसा कुलूप तोडून येत नाही. त्याला दार आतूनच उघडून दिले जाते. सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे फुकट मिळणाऱ्या आज्ञावलींबरोबर येणारी जोडपुरवणी. पीडीएफचे रूपांतर करणारे साधन, चित्रफीत उतरवून घेणारे साधन, जुन्या मराठी टंकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन यांची कार्यालयांना वारंवार गरज पडते. घाईत शोध घेतला जातो आणि पहिल्या दुव्यावरील 'डाउनलोड' असे लिहिलेले मोठे हिरवे बटण दाबले जाते. ते बटण बहुधा मूळ आज्ञावलीचे नसून जाहिरातीचे असते. पुढे 'नेक्स्ट, नेक्स्ट' असे न वाचता दाबत गेल्यावर आधीच खूण केलेल्या चौकटींतून दोन-तीन अनाहूत पाहुणे आत येतात. नामांकित आज्ञावलीही या प्रथेपासून अलिप्त राहिलेल्या नाहीत. जावा या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीच्या विंडोजवरील संचाबरोबर 'आस्क' नावाची शोधपट्टी अनेक वर्षे दिली जात असे आणि ती नको असल्यास वापरणाऱ्याने स्वतः खूण काढावी लागे.

दुसरा मार्ग चोरट्या प्रतींचा. परवाना न घेता वापरण्यासाठी आज्ञावलीचे 'क्रॅक' उतरवून घेणे हे बेकायदेशीर तर आहेच. शिवाय ते चालविताना विषाणुरोधक यंत्रणा बंद करण्यास सांगितले जाते. पहारेकऱ्याला घरी पाठवून मग दार उघडण्याचाच हा प्रकार होय.

तिसरा मार्ग ब्राउझरच्या पुरवण्यांचा, म्हणजे एक्स्टेन्शनचा आहे. या छोट्या पुरवण्या उपयुक्त असतात. पण त्यांतील अनेकींना 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची' मुभा दिलेली असते. अशी मुभा असलेली पुरवणी पृष्ठावरील प्रत्येक अक्षर पाहू शकते. शिवाय आज विश्वासार्ह असलेली पुरवणी उद्या तशीच राहील याची हमी नसते. 'द ग्रेट सस्पेंडर' या पुरवणीचे उदाहरण बोलके आहे. न वापरलेली पृष्ठे निद्रिस्त करून संगणकावरील भार हलका करणारी ही पुरवणी वीस लाखांच्या घरात लोक वापरीत होते. २०२० च्या मध्यास तिच्या मूळ निर्मात्याने ती दुसऱ्याकडे सोपविली. नव्या मालकाची ओळख लोकांना नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ती घातक ठरवून आपल्या दालनातून काढून टाकली व वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्येही बंद केली. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती. दुकानाची पाटी तीच राहून मालक मात्र बदलला होता.

केवळ कटकट नव्हे

'जाहिराती येतात, त्या बंद केल्या की झाले' असा समज आढळतो. तो घातक आहे. गेल्या काही वर्षांतील तीन प्रकरणे यादृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहेत.

पहिले 'डीएनएस चेंजर' या नावाने ओळखले जाते. संकेतस्थळाचे नाव लिहिल्यावर त्या नावाचा अंकात्मक पत्ता शोधून देणारी एक यंत्रणा असते. टपाल कार्यालयातील पत्त्यांच्या वहीसारखे तिचे काम असते. या टोळीने २००७ ते २०११ या काळात संगणकांतील ही वहीच बदलून टाकली आणि लोकांना आपल्या सोयीच्या पत्त्यांकडे व जाहिरातींकडे वळविले. शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक त्यात सापडले आणि टोळीने निदान १ कोटी ४० लाख डॉलर मिळविल्याचे अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने सांगितले. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियातील सहा जणांना अटक झाली. पण खोटी वही एकदम बंद केली असती, तर लाखो निरपराध लोकांची इंटरनेट सेवाच थांबली असती. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने तेथे तात्पुरती निर्दोष व्यवस्था बसविण्यात आली व ती ९ जुलै २०१२ पर्यंत चालविली गेली. जाहिरातींसाठी केलेला हस्तक्षेप किती खोलवर जाऊ शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दुसरे प्रकरण 'सुपरफिश' या आज्ञावलीचे. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये ही आज्ञावली कारखान्यातूनच बसवून आलेली होती. खरेदीसंबंधीच्या जाहिराती दाखविण्यासाठी तिने सुरक्षित संकेतस्थळांची ओळख पटविणारे प्रमाणपत्रच स्वतःचे वापरले. बँकेच्या पृष्ठावर दिसणारे कुलपाचे चिन्ह तसेच राहिले, पण कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. त्याहून गंभीर बाब अशी की, सर्व लॅपटॉपवर एकच किल्ली वापरलेली होती. ती एका जाणकाराला मिळाली, म्हणजे सर्वांचीच कुलपे उघडण्यासारखी झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा प्रकार उजेडात आला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीशी समझोता करून तिच्यावर पुढील बंधने घातली.

तिसरे प्रकरण 'फायरबॉल'चे. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा क्षेत्रातील कंपनीने जगभरातील २५ कोटी व त्यांपैकी भारतातील अडीच कोटी संगणक त्याने बाधित झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. मायक्रोसॉफ्टने हा आकडा अतिशयोक्त असल्याचे म्हटले. आकड्यांविषयी मतभेद असले, तरी कार्यपद्धती स्पष्ट होती. फुकट आज्ञावलींबरोबर येऊन ते ब्राउझरचे आरंभीचे पृष्ठ व शोधयंत्र बदलीत असे, आणि मनात आणले तर बाहेरून कोणतीही आज्ञावली आणून संगणकावर चालविण्याची क्षमता त्याच्यात होती.

ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या संगणकावर याचा अर्थ काय होतो ? तेथे नागरिकांचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे तपशील, विद्यार्थ्यांच्या नोंदी भरल्या जातात. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून देयके अदा करताना डिजिटल स्वाक्षरी वापरली जाते. जी आज्ञावली पृष्ठावर जाहिरात डकवू शकते, ती त्याच पृष्ठावरील मजकूर वाचूही शकते. म्हणजे येथे धोक्यात असते ती केवळ कार्यालयाची सोय नव्हे. ज्या नागरिकाने विश्वासाने आपली कागदपत्रे टेबलावर ठेवली, त्याची मालमत्ता व प्रतिष्ठा धोक्यात असते. शाळेत तर अश्लील किंवा जुगाराच्या जाहिराती थेट मुलांच्या डोळ्यांसमोर येतात.

निर्मूलनाचा क्रम

अॅडवेअर काढून टाकण्याचे काम बहुतेक वेळा तंत्रज्ञाशिवाय करता येते. मात्र ते क्रमाने करावे लागते. कारण मूळ आज्ञावली तशीच ठेवून ब्राउझर स्वच्छ केला, तर तण पुन्हा उगवते.

प्रारंभी संगणकाला जोडलेले डिजिटल स्वाक्षरीचे टोकन व पेन ड्राइव्ह काढून घ्यावेत आणि बँक व देयकांची कामे थांबवावीत. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत सुरक्षित ठिकाणी ठेवावी. पडद्यावर भीतिदायक इशारा व दूरध्वनी क्रमांक दिसत असेल, तर त्या क्रमांकावर कदापि संपर्क साधू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन करण्यास क्रमांक दिलेला नसतो. ती खिडकी बंद होत नसल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा व तेथून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना 'मागील पृष्ठे परत आणू का ?' या प्रश्नास नकार द्यावा.

दुसरी पायरी, सूचनांच्या परवानग्या तपासणे. क्रोम ब्राउझरमध्ये 'सेटिंग्ज'मधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तेथून 'साइट सेटिंग्ज' व 'नोटिफिकेशन्स' असे गेल्यास परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. त्यांतील अनोळखी नावे काढून टाकावीत. कोपऱ्यातील जाहिराती एवढ्यानेच थांबल्या आणि दुसरे कोणतेही लक्षण नसेल, तर पुढील पायऱ्यांची गरज राहत नाही.

तिसरी पायरी, संगणकात बसविलेल्या आज्ञावली पाहणे. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'अॅप्स' या सदरात ही यादी असते. ती बसविल्याच्या दिनांकानुसार लावता येते. उपद्रव ज्या दिवसापासून सुरू झाला त्या सुमारास आलेल्या नावांवर प्रथम लक्ष द्यावे आणि कोणी जाणीवपूर्वक न बसविलेली आज्ञावली 'अनइन्स्टॉल' करावी. काढताना काही आज्ञावली 'खरेच काढावयाचे का ?', 'त्याऐवजी हे ठेवा' असे फसवे प्रश्न विचारतात. तेथे प्रत्येक वाक्य वाचूनच उत्तर द्यावे. छपाईयंत्र, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांच्या आज्ञावली मात्र चुकून काढल्या जाऊ नयेत. नावाविषयी शंका असल्यास जाणकारास विचारावे.

चौथी पायरी, ब्राउझरमधील पुरवण्या. 'एक्स्टेन्शन्स'च्या पृष्ठावर जाऊन अनोळखी पुरवण्या काढाव्यात. नेमकी दोषी कोणती हे समजत नसेल, तर सर्व बंद करून एकेक चालू करावी. जिच्यानंतर जाहिराती परततात ती दोषी. एखादी पुरवणी काढण्याची सोयच दिसत नसेल आणि ब्राउझर 'आपल्या संस्थेद्वारे नियंत्रित' आहे असे सांगत असेल, तर प्रथम कार्यालयाने खरोखरच तसे नियंत्रण ठेवले आहे काय याची खात्री करावी. तसे नसल्यास अॅडवेअरने संस्थेचे सोंग घेतले आहे असे समजून संगणक तंत्रज्ञाकडे द्यावा.

पाचवी पायरी, विषाणुरोधक तपासणी. विंडोज ८ पासून विंडोजमध्ये डिफेंडर ही विषाणुरोधक यंत्रणा अंगभूत आहे. प्रथम तिच्या नोंदी अद्ययावत करून 'फुल स्कॅन' करावा. उपद्रव चिवट असेल तर 'ऑफलाइन स्कॅन' निवडावा. यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्यापूर्वीच, म्हणजे आगंतुक जागा होण्याआधी, तपासणी होते. मालवेअरबाइट्स कंपनीचे 'अॅडव्क्लीनर' हे विनामूल्य साधन खास याच कामासाठी आहे. मात्र ते मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेमार्फत चालविल्या जाणाऱ्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ने २१ फेब्रुवारी २०१७ पासून नागरिकांसाठी विनामूल्य निर्मूलन साधनांची सोय केली आहे. पुण्याच्या क्विक हीलसह भारतीय कंपन्यांचे सहकार्य त्यास लाभले आहे.

सहावी पायरी, ब्राउझर पूर्वस्थितीत आणणे. क्रोम व एज या दोहोंत 'रीसेट सेटिंग्ज', तर फायरफॉक्समध्ये 'रिफ्रेश' अशी सोय आहे. यामुळे आरंभीचे पृष्ठ व शोधयंत्र मूळ स्थितीत येते आणि पुरवण्या बंद होतात वा निघून जातात. जतन केलेल्या खुणा व संकेतशब्द मात्र नष्ट होत नाहीत, ही बाब अनेकांना ठाऊक नसल्याने ते हा उपाय टाळतात. तरीही उपद्रव परतला, तर दोन ठिकाणे पाहावीत. पडद्यावरील ब्राउझरच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडल्यास 'टार्गेट' या ओळीच्या शेवटी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटविलेला आढळतो, तो पुसावा. त्याचप्रमाणे विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये कोणी न नेमलेला 'प्रॉक्सी' चालू असेल, तर तो बंद करावा. कार्यालयातील सर्वच संगणकांवर व मोबाईलवर एकाच वेळी तोच त्रास होत असल्यास दोष राउटरमध्ये असण्याचा संभव असतो. अशा वेळी राउटर मूळ स्थितीत आणून त्याचा संकेतशब्द बदलून घ्यावा.

सातवी पायरी वारंवार विसरली जाते. ब्राउझरमध्ये एखादे खाते 'सिंक' केलेले असेल, तर पुरवण्या त्या खात्याबरोबर प्रवास करतात. कार्यालयाचा संगणक स्वच्छ केला, पण परिचालकाच्या घरच्या संगणकावर तीच पुरवणी राहिली, तर दुसऱ्या दिवशी ती परत येते. म्हणून 'सिंक' बंद करून दोन्ही ठिकाणी सफाई करावी. अखेरीस, एखाद्या निर्दोष संगणकावरून महत्त्वाच्या खात्यांचे संकेतशब्द बदलावेत. जुन्या किल्लीची नक्कल निघाली असण्याची शक्यता असताना केवळ चोर बाहेर काढून भागत नाही. कुलूपही बदलावे लागते.

मोबाईलमधील उपद्रव

शिक्षक व पंचायत सदस्य यांची बरीच कामे मोबाईलवर होतात. अँड्रॉइड मोबाईलवर मध्येच पूर्ण पडदाभर जाहिरात आल्यास अलीकडे घेतलेले अॅप प्रथम संशयित मानावे. जाहिरात दिसत असतानाच अलीकडे उघडलेल्या अॅपची यादी पाहिल्यास पुष्कळदा दोषी नाव सापडते. मोबाईल 'सेफ मोड'मध्ये सुरू केल्यास बाहेरून घेतलेली अॅप बंद राहतात. त्या स्थितीत जाहिराती थांबल्या तर दोष अशाच एखाद्या अॅपचा आहे असे समजावे व संशयित अॅप एकेक करून काढावे. त्यानंतर 'प्ले प्रोटेक्ट'ची तपासणी करावी. व्हॉट्सअॅपवरून आलेली 'एपीके' धारिका, मग ती शासकीय योजनेच्या, वाहन दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने का आलेली असेना, उघडू नये.

कार्यालयीन शिस्त हाच प्रतिबंध

हिवतापाच्या बाबतीत गावातील डबकी बुजविणे हे गोळ्या वाटण्याइतकेच महत्त्वाचे असते. येथेही तोच न्याय लागू पडतो. दैनंदिन कामासाठी संगणकावर प्रशासकीय अधिकार नसलेले साधे खाते वापरावे आणि नवीन आज्ञावली बसविण्याचे अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावेत. एवढ्या एका नियमाने बहुसंख्य आगंतुक दारातच अडतात. विंडोजच्या सुरक्षा सदरात 'संभाव्य अनावश्यक अॅप' रोखण्याची सोय आहे, ती चालू करावी.

शासकीय संकेतस्थळे शोधयंत्रातून न शोधता त्यांची खूण ब्राउझरमध्ये जतन करून ठेवावी. कारण शोधाच्या निकालांत वर दिसणाऱ्या जाहिरातींत नामसाधर्म्य असलेली खासगी संकेतस्थळे असू शकतात. पत्ता वाचताना पहिल्या तिरप्या रेषेपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे पाहावा. तो 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' यांनी संपत असल्यास संकेतस्थळ शासकीय असते. नावात कोठे तरी मध्येच 'गव्ह' असणे पुरेसे नाही.

मराठी टंकलेखनासाठी बाहेरील साधने शोधण्याची गरज पुष्कळदा नसतेच. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट व उच्चारानुसारी कळफलक अंगभूत आहे. गरज नाहीशी केली की तिच्यामागून येणारा धोकाही नाहीसा होतो. संगणकप्रणाली अद्ययावत ठेवणे तितकेच आवश्यक आहे. विंडोज १० साठीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. असे संगणक अद्याप वापरात असल्यास त्यांच्या नूतनीकरणाचा किंवा वाढीव सुरक्षा सेवेचा विचार संबंधितांनी करणे इष्ट ठरेल. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन काम संपताच काढून कुलपात ठेवावे व त्याचा संकेतशब्द दुसऱ्यास सांगू नये. सरपंचांचे व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे टोकन दिवसभर एकाच संगणकाला जोडलेले राहिल्यास दोन स्वतंत्र स्वाक्षऱ्यांच्या तरतुदीचा हेतूच विफल होतो.

शाळांमध्ये या विषयाला शैक्षणिक मूल्यही आहे. खरे 'डाउनलोड' बटण कोणते व जाहिरातीचे कोणते, हे विद्यार्थ्यांना ओळखावयास लावणे हा वाचनाचा व विवेकाचा उत्तम पाठ ठरू शकतो. घरात मोबाईल हाताळणारी मुलेच पुढे आई-वडिलांना सावध करतात.

कायदा आणि तक्रार

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये मालकाच्या परवानगीवाचून संगणकात दूषित घटक अथवा विषाणू सोडल्यास नुकसानभरपाईचे दायित्व येते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या सायबर घटनांची माहिती शासकीय संस्थांनी त्या लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. म्हणून बाधित संगणकाची बाब लपवून न ठेवता वरिष्ठांच्या तत्काळ निदर्शनास आणावी. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. पैसे पुढील खात्यांतून काढले जाण्यापूर्वी ते गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावयास हवी. अॅडवेअर शिरले म्हणून संगणक परिचालकास अथवा शिक्षकास दोषी धरण्याची वृत्ती योग्य नाही. सुपरफिशच्या प्रकरणात दोष कारखान्यात होता, सस्पेंडरच्या प्रकरणात तो मालक बदलण्यात होता. ज्या कार्यालयात चूक सांगणाऱ्यावर ठपका ठेवला जातो, तेथे पुढची चूक सांगितली जात नाही आणि उपद्रव दडून वाढत राहतो. जेथे ती निःसंकोचपणे सांगता येते, तेथे तो त्याच दिवशी आटोक्यात येतो.

पूर्वी कार्यालयाची शिस्त दप्तरावरून ओळखली जाई. नोंदवह्या क्रमाने लावलेल्या असाव्यात, शिक्के कुलपात असावेत, अभ्यागताला हवा तो कागद विनाविलंब मिळावा, अशी अपेक्षा असे. आज ते दप्तर पडद्यावर आले आहे. अपेक्षा मात्र तीच आहे. ब्राउझर स्वच्छ ठेवणे हे त्या अर्थाने दप्तर नीट ठेवण्याचेच काम होय. महिन्यातून एकदा अर्धा तास काढून पुरवण्या, परवानग्या व बसविलेल्या आज्ञावली यांची यादी तपासली, तर मजुरी बुडवून आलेल्या माणसाला 'उद्या या' असे सांगण्याची वेळ निदान या कारणाने तरी येणार नाही.